समुद्राकाठी राहायला जाणार

त्या गुरुवारी कर्स्टी दारातच उभी राहिली. एरवी ती आली की आधी बूट काढायची, स्वयंपाकघरातल्या खुर्चीत अंग टाकायची आणि म्हणायची, "चहा द्या हो एक कप, पाय गेले माझे." इस्पितळाच्या धुलाईखान्यातलं काम उभ्यानं करायचं असतं. पण त्या दिवशी तिनं पायपुसण्यावर पाऊलसुद्धा ठेवलं नाही.

"ग्लेंडा, एक विचारू? खरं सांगाल?"

ग्लेंडा होलरॉईडनं हातातला फडका खांद्यावर टाकला. आतल्या खोलीत टिली गालिच्यावर पोट टेकून लाकडी मेंढ्या ओळीनं लावत होती.

"विचार की."

"गेल्या आठवड्यात मंगळवारी मी उठलेच नाही, टिलीनं आपले आपण कॉर्नफ्लेक्स घेतले, हे क्रेगला कसं कळलं?"

त्या आठवड्यात कर्स्टीनं दुसऱ्या बाईची पाळीही केली होती आणि सकाळी ती गजर ऐकून न ऐकल्यासारखी झोपून राहिली. ही गोष्ट ग्लेंडाला माहीत होती, कारण तिनंच ती लिहून दिली होती.

टिली साडेतीन वर्षांची; आईबाप वेगळे झाल्यापासून ती आईकडे राहायची आणि शनिवार-रविवारी बापाकडे, क्रेगकडे जायची. सकाळी ती शाळेला लागून असलेल्या नर्सरीत जायची. दुपारी ग्लेंडा तिला तिथून आणायची आणि आई येईपर्यंत सांभाळायची. इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्स गावात, त्या चढावरच्या गल्लीत ग्लेंडानं तीस वर्षं लोकांची मुलं सांभाळली होती. सप्टेंबरात नर्सरीनं नवीनच टूम काढली. मूल दिवसभरात दोन ठिकाणी सांभाळलं जात असेल तर दोन्हीकडच्या बायांनी त्याची प्रगती एकमेकांना कळवायची. मूल काय शिकलं, काय बोललं, कुठे अडतंय, सगळं. कर्स्टीनं सही करून परवानगी दिली होती. ग्लेंडाला ते मुळीच आवडलं नव्हतं. सरकारनं नर्सरीचे तास फुकट केल्यापासून तिची निम्मी मुलं तिकडे गेली होती. आता उरलेल्यांचीही बित्तंबातमी यांना कशाला हवी, हा तिचा प्रश्न होता. तरी ती दर पंधरवड्याला एक कागद लिहायची आणि दुपारी टिलीला घेताना तिच्या बाईंच्या, बेथनीच्या हातात द्यायची.

मंगळवारचं तिनं चांगल्या मनानंच लिहिलं होतं. टिलीनं स्वतः खोकं उघडलं, वाडग्यात ओतलं, सांडलं नाही. आई झोपली होती असं म्हणाली. मूल आपलं आपण करायला लागलं, एवढंच त्यात सांगायचं होतं.

"क्रेग काय म्हणाला?" ग्लेंडानं विचारलं.

"मेसेज आलाय. 'माझी मुलगी उपाशी शाळेत जाते आणि आई लोळत पडते.' वर आणखी, 'आणि तो डॅरेन कोण?'"

"कोण डॅरेन?"

कर्स्टीनं तिच्याकडे रोखून पाहिलं. "बॉयलर दुरुस्त करायला आला होता. माझ्या कामावरचाच आहे. चहा प्यायला, गेला. त्याची गाडी आमच्या दारात होती. तुमच्या वरच्या खिडकीतून आमचं दार दिसतं."

"म्हणजे तुला म्हणायचंय काय?"

"क्रेगलाही तुम्हीच सांभाळलंत ना लहानपणी. अजून तो तुम्हाला आँटी म्हणतो."

ग्लेंडाला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. क्रेग पाच वर्षांचा होईपर्यंत तिच्या घरी यायचा, हे खरं होतं. बाजारात भेटला की तो अजूनही तिच्या पिशव्या उचलायचा, हेही खरं. पण इकडचं तिकडे करणं तिच्या स्वभावात नव्हतं, निदान तिला तसं वाटत होतं.

"टिलीला विचारलंस?"

"विचारलं. बाबाला काय सांगितलंस म्हटलं, तर खांदे उडवले."

"तेच. तिला कालचं आज कुठे आठवतंय. चार प्रश्न विचारले तर एक शब्द देते. कॉर्नफ्लेक्सचंही मी किती खोदून खोदून काढलं तेव्हा निघालं." ग्लेंडा जरा थांबली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "हे बघ कर्स्टी, ते मी लिहून दिलं होतं. नर्सरीला. तिथून पुढे कुठे गेलं ते मला माहीत नाही."

कर्स्टीनं टिलीला हाक मारली, कोट घातला आणि दोघी उतारानं निघून गेल्या. ग्लेंडा दार लावायचं विसरून तिथेच उभी राहिली.

कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं नक्की होतं. आणि विचार करता करता तिला शनिवार आठवला. बाजारातल्या चहाच्या स्टॉलवर बेथनी बसली होती आणि समोर होती लिअॅन, क्रेगची सख्खी बहीण. दोघी डोक्याला डोकं लावून खिदळत होत्या. तेव्हा ग्लेंडाला त्यात काही वाटलं नव्हतं. आता मात्र सगळी साखळी तिच्या डोळ्यांसमोर लखलखीत उभी राहिली. ग्लेंडानं लिहायचं, बेथनीनं वाचायचं, लिअॅनला सांगायचं आणि लिअॅननं भावाच्या कानात ओतायचं. डॅरेनचं तर आपण लिहिलंच नव्हतं, मग ते कसं पोचलं, हा प्रश्न तिला पडला नाही. संशय एकदा मनात बसला की माणूस सोयीचं तेवढंच मोजतं.

दुसऱ्या दिवसापासून ती बेथनीवर नजर ठेवायला लागली. बेथनी पंचविशीतली, गोड बोलणारी, केसांना पिवळा फडका बांधणारी मुलगी. आधी ग्लेंडाला ती फक्त नाजूक वाटायची. आता तिचं गोड बोलणंच खटकायला लागलं.

"आज टिली जरा दमलेली दिसली," बेथनी म्हणाली. "घरी सगळं ठीक ना?"

"का? तुम्हाला कुणी काही बोललं?"

"नाही, सहज विचारलं."

सहज, ग्लेंडा मनात म्हणाली. सहज कुणी काही विचारत नसतं.

एकदा बेथनीनं फोन पाहून घाईनं खिशात टाकला. एकदा टिलीच्या आजीचं, म्हणजे क्रेगच्या आईचं नाव तिच्या तोंडून आलं. ग्लेंडानं दोन्ही गोष्टी गाठीला बांधल्या. बेथनी टिलीबद्दल काही सांगायला लागली, की ही "हो, हो" म्हणत टिलीचा कोट शोधायची. नर्सरीकडून येणारे कागद ती वाचतच नव्हती. घरी आलं की पाव ठेवायच्या पेटीच्या मागे खोचून द्यायची. यांनी काय लिहिलं असणार? तीस वर्षं मुलं वाढवलेल्या बाईला कालची पोर काय सांगणार?

इकडे कर्स्टी रोज येत होती, पण बूट काढत नव्हती. चहा नको म्हणायची. एक दिवस टिलीच्या डब्यात संत्र्याच्या फोडी जशाच्या तशा परत गेल्या, तर कर्स्टीनं त्यावरूनही विचारलं, "हेही लिहिणार का?" ग्लेंडाला ते फार लागलं. आपण खरे आहोत हे दाखवून द्यायचं तर चोर पकडून द्यायला हवा, असं तिनं ठरवलं.

आणि तिनं डाव टाकला.

पुढचा कागद लिहायची वेळ आली तेव्हा ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. रंग ओळखते, सोळापर्यंत मोजताना चौदा गाळते, कात्री डाव्या हातात धरते. हे सगळं खरं लिहून झालं. मग तिनं खाली आणखी एक ओळ लिहिली. 'आपण ब्रिडलिंग्टनला आजीकडे, समुद्राकाठी राहायला जाणार, असं टिली सांगते.'

कर्स्टीची आई ब्रिडलिंग्टनला राहायची, तेवढं खरं होतं. बाकी सगळं ग्लेंडाच्या मनातलं. ही गोष्ट जगात दुसऱ्या कुणाला माहीत असण्याचं कारणच नव्हतं. ती क्रेगच्या कानावर गेली, तर ती बेथनीकडूनच गेली हे सिद्ध. कुणाच्या मुलीबद्दल तिनं आजवर खोटं लिहिलं नव्हतं. पण एकच तर ओळ, तिनं स्वतःला समजावलं, आणि कुणाचं वाईट करायला थोडीच लिहितेय. कर्स्टीला तिनं काही सांगितलं नाही. चोर हातात सापडला की मगच सांगायचं, असं तिच्या मनात होतं.

बुधवारी दुपारी कागद बेथनीच्या हातात गेला. शनिवार-रविवार टिली बापाकडे होती.

सोमवारी सकाळी ग्लेंडा कचऱ्याचा डबा बाहेर काढत होती, तर कुंपणापाशी क्रेग उभा. टायरच्या दुकानातले काळे कपडे अंगावर, दाढी वाढलेली.

"आँटी, खरं सांग. ती टिलीला घेऊन चाललीय ना?"

"कुठे?"

"ब्रिडलिंग्टनला. कायमची. मला पत्ता लागू न देता."

ग्लेंडाच्या अंगातून वीज गेल्यासारखं झालं. आनंदच झाला तिला, तिनं पुढे स्वतःशी कबूल केलं, निव्वळ आनंद. सापडली.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी का सांगेना. तुला माहीत होतं का नव्हतं, तेवढं बोल."

तिला तिथेच सांगता आलं असतं, की अरे वेड्या, असं काही नाहीये. तिनं तसं केलं नाही. आधी बेथनीला धरायचं, मग सगळं उलगडायचं, असं तिच्या डोक्यात पक्कं होतं. "मला काही माहीत नाही बाबा," ती म्हणाली. क्रेगनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि तो गाडीत बसून निघून गेला. तो कामावर न जाता सरळ वकिलाकडे गेला, हे तिला मागाहून कळलं.

दुपारी नर्सरीच्या कोट टांगायच्या बोळात, बाकीच्या आया निघून जाईपर्यंत ती थांबली. टिली बाकावर बसून बुटाच्या पट्ट्याशी झटापट करत होती.

"लिअॅनशी चांगली गट्टी दिसते तुमची," ग्लेंडा म्हणाली.

बेथनी गोंधळली. "लिअॅन? हो, आम्ही एकाच गायनमंडळात आहोत. का?"

"गाण्याबरोबर आणखी काय काय होतं तिथे? लोकांच्या घरातल्या गोष्टी?"

"मला समजलं नाही, तुम्ही काय म्हणताय."

"मी काय लिहून देते ते क्रेगला अक्षरन् अक्षर कळतं. कॉर्नफ्लेक्स कळले. आता ब्रिडलिंग्टन कळलं. मी मुद्दाम लिहिलं होतं ते. तुम्हाला पकडायला. त्यातलं एक अक्षर खरं नाही."

बेथनीचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला. ती रागावेल, रडेल, नाकारेल, असं ग्लेंडाला वाटलं होतं. पण तिनं भलतंच विचारलं.

"खरं नाही? टिली कुठेही जाणार नाहीये?"

"नाही."

"अहो, मग मी काय करून बसले." बेथनी बाकावर बसली, तिचे डोळे वाहायला लागले. "लहान मुलं घर बदलताना घाबरतात. म्हणून मी गुरुवारपासून तिच्याशी त्यावरच बोलतेय. वाळूचा ट्रे काढला. शिंपले आणले. आजीचं घर कसं असेल, तुझी खोली कुठे असेल. आम्ही दोघींनी मिळून चित्रसुद्धा काढलं."

"आणि लिअॅनला?"

"लिअॅनला मी कशाला सांगू? मुलांबद्दल बाहेर बोललं तर माझी नोकरी जाईल." मग ती जरा सावरली. "आणि खरं सांगू का, कुणी सांगायची गरजच नाही. टिली सगळं सांगते. गोलात बसलो की तिलाच आवरावं लागतं. तुमच्या मांजराचं ऑपरेशन झालं ते आम्हाला माहीत आहे. तुमच्या बहिणीनं तुमच्याकडून नेलेलं कढईचं झाकण परत केलं नाही, तेही माहीत आहे. दर कागदात मी लिहिते, की ही फार सुंदर गोष्टी सांगते, घरीही ऐकून घ्या."

ग्लेंडाला पावपेटीमागचे कागद आठवले.

नर्सरीच्या मुख्य बाई आवाज ऐकून बाहेर आल्या. त्यांनी शांतपणे विचारलं, शांतपणे ऐकून घेतलं आणि शांतपणेच सांगितलं, की मुलाच्या नोंदीत जाणूनबुजून खोटं लिहिलं गेलंय, तर ते कौन्सिलला कळवणं त्यांना भाग आहे. ग्लेंडानं मान डोलावली.

परतीच्या वाटेवर, चढ चढताना, तिनं टिलीचा हात धरला होता. एरवी ग्लेंडा वाटभर बोलत असायची. हे बघ बस आली, ती बघ मांजर, आज फिशफिंगर खायचे की बीन्स, मी सांगते बीन्स खा. आज तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. पुलापर्यंत दोघी नुसत्याच चालल्या. मग टिली आपणहून म्हणाली,

"बेथनी बाई रडत होत्या."

"हो."

"मी बाबाला सांगितलं ना, की मी समुद्रावर राहणार, तेव्हा बाबानं सँडविच खाली ठेवलं. मग बाबा म्हणाला, कोण म्हणालं? मग मी म्हटलं, बेथनी बाई. मग बाबा बाहेर गेला आणि भिंतीला लाथ मारली. मग आजीनं मला पार्किनचे केक दिले. मग मी दोन खाल्ले."

ग्लेंडा थांबली. एवढं लांब बोलणं, असं ओळीनं, 'मग'ला 'मग' जोडत, या पोरीच्या तोंडून तिनं कधीच ऐकलं नव्हतं. तिच्या कागदावर तर याच महिन्यात लिहिलं होतं, की घडून गेलेल्या गोष्टी सलग सांगता येत नाहीत.

"आणि कॉर्नफ्लेक्सचं, राणी? तेही बाबाला सांगितलंस?"

"हो. आणि डॅरेनचं. डॅरेनच्या मोज्याला भोक आहे. अंगठा बाहेर येतो."

"मग आईनं विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस?"

टिलीनं विचार केला. "आई रागावली होती," ती म्हणाली.

संध्याकाळी कर्स्टी आली तेव्हा तिच्या हातात फोन होता. क्रेगच्या वकिलाकडून निरोप आला होता. मुलीला गावाबाहेर नेलंत तर कोर्टात यावं लागेल.

"कोण नेतंय हिला? कुठे नेतंय?" ती म्हणाली. "मला वेड लागायचं बाकी राहिलंय."

ग्लेंडानं तिला आत बोलावलं. ती आली नाही. मग ग्लेंडानं दारातच, उभ्या उभ्या, सगळं सांगितलं. बेथनीवरचा संशय, ती एक ओळ, सकाळी क्रेग आला तेव्हाचं गप्प राहणं. काही लपवलं नाही, आणि स्वतःची बाजूही फारशी मांडली नाही.

"मी तुमच्यावर संशय घेतला तेव्हा चार रात्री झोपले नव्हते," ऐकून झाल्यावर कर्स्टी म्हणाली. "वाटलं, एवढ्या चांगल्या बाईवर कसला आळ घेतला. आणि तुम्ही माझ्या लेकीच्या नावानं खोटं लिहून मोकळ्या झालात."

"चुकले मी."

"टिली, कोट घाल."

दुसऱ्या दिवसापासून टिली आली नाही. कर्स्टीनं नर्सरीतच दुपारची जागा मिळवली आणि राहिलेल्या वेळासाठी डॅरेनच्या वहिनीला गाठलं.

त्याच आठवड्यात ग्लेंडा टायरच्या दुकानात गेली. क्रेग एका गाडीखाली होता. तो बाहेर येईपर्यंत ती रबराच्या वासात उभी राहिली आणि मग त्यालाही तिनं तेच सगळं सांगितलं. क्रेगनं हात पुसत ऐकलं.

"खोटं बोललो की तू मला जिन्यात बसवायचीस, आँटी."

"आठवतंय."

"एवढा वेळ जिन्यात बसायचो, की पायांना मुंग्या यायच्या." तो हसला नाही, पण त्याचा आवाजही चढला नाही. "पण एक सांग, तुला कळलं कसं नाही पोरगी बोलते ते? माझ्याकडे आली की तोंड बंद नसतं तिचं."

"माझ्याकडे बोलत नव्हती."

"तुझ्या घरात दुसऱ्या कुणाला बोलायला कधी वाव मिळालाय?"

घरी जाऊन ग्लेंडानं पावपेटीमागचे कागद काढले आणि खिडकीशी बसून एकेक वाचले. बेथनीचं अक्षर गोल गोल, शाळकरी होतं. त्यात कुठेही तिच्यावर टीका नव्हती. उलट एकदोन ठिकाणी, टिली अमुक गाणं तुमच्याकडून शिकली, छान म्हणते, असं लिहिलं होतं.

कौन्सिलची बाई आली, प्रश्न विचारून गेली आणि लेखी ताकीद आली. ग्लेंडाचा मुलं सांभाळायचा परवाना राहिला, पण गल्लीत गोष्ट फुटायची ती फुटली. जानेवारीत आणखी एका मुलाच्या आईनं 'आता गरज नाही' असं कळवलं. तिनं काही कारण सांगितलं नाही, ग्लेंडानंही विचारलं नाही. वकिलाचं प्रकरण मात्र तिथेच थांबलं. क्रेगनं कर्स्टीला फोन केला. एकमेकांना फोन करायचं त्यांनी वर्षभर सोडून दिलं होतं. आधी भांडले आणि मग मुलीच्या कानावर जे पडेल ते दोन्ही घरी फिरणार, एवढ्या एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालं.

ईस्टरनंतर एका दुपारी दार वाजलं. कर्स्टी होती. टिली तिच्या पायांमागून डोकावत होती, पूर्वीपेक्षा उंच झालेली.

"डॅरेनच्या वहिनीला बाळ व्हायचंय," कर्स्टी म्हणाली. "सोमवार आणि गुरुवार, मी सुटेपर्यंत. जमेल?"

"जमेल की."

"सोय म्हणून आलेय. बाकी काही समजू नका. आणि नर्सरीला जे द्याल ते आधी मी वाचणार. प्रत्येक वेळी."

"वाच. मी सांगणारच होते."

कर्स्टीनं तिच्याकडे पाहिलं, खरं बोलतेय की काय ते चाचपल्यासारखं, आणि टिलीच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढे ढकललं. स्वतः ती बाहेरच थांबली.

टिली आत शिरली, खुर्चीवर चढली आणि सांगायला लागली. नर्सरीत एक नवा मुलगा आला होता, तो चावतो, मग त्याच्या आईला बोलावलं, मग ती आई फोनवर कुणाशी तरी भांडत होती. ग्लेंडा समोर बसून ऐकत राहिली. मधेच तिच्या बहिणीचा फोन आला. ग्लेंडा फोन घेऊन उठली, परसदारी गेली आणि दार ओढून घेतल्यावरच बोलायला लागली, तेही हळू. काचेतून पाहिलं तर टिली खुर्चीवर वळून तिच्याकडेच बघत होती.